बाबांची जीप, दुसरे इंजिन आणि आर.सी. – इंदुरात कुणी हे निस्तरले आहे का?

लोकमान्यनगरकर | 14 जानेवारी 2024, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या श्रावणात गेले. त्यांची जीप अंगणात उभी आहे. महिंद्राची सीजे 3बी, 1974 सालची, आजोबांनी नवी घेतलेली. देपालपूरकडे आमची शेती होती तेव्हा पावसाळ्यात त्या काळ्या चिकट मातीतून हीच एक गाडी बाहेर निघायची. आत्याची पाठवणी हिच्यातून झाली, आजीला शेवटचे दवाखान्यात नेले तेही हिच्यातूनच. मी गाडी शिकलो ती बाबांच्या मांडीवर बसून, हिचेच स्टिअरिंग धरून.

2003 मध्ये बाबांनी मूळ पेट्रोल इंजिन उतरवले आणि महिंद्राच्याच मोडीत निघालेल्या एका गाडीचे डिझेल इंजिन बसवले. पेट्रोल परवडत नव्हते, एवढेच कारण. सोबत गिअरबॉक्स बदलला, इंजिनाचे माउंटिंग नवे वेल्ड केले, रेडिएटर पुढे सरकवला, पॉवर स्टिअरिंग घातले. मागे लोखंडी हार्ड टॉप आहे, तो त्याआधीचा. गाडी अजूनही एका सेल्फमध्ये सुरू होते.

आर.सी.वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मात्र इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुनाच. 2006, 2011 आणि 2016 चे नूतनीकरण बाबांनी एका एजंटाकडून करून घेतले. गाडी पाहायला कुणी आले नाही, नुसता शिक्का आला. मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली. तेव्हा बाबा आजारी होते, कुणाच्या लक्षातही आले नाही. परवा पीयूसी काढायला गेलो तर केंद्रावरच्या पोराने नंबर टाकला, पडद्यावर पेट्रोल आले आणि गाडी तर डिझेलची. त्याने सरळ हात जोडले. आता जीप ना रस्त्यावर नेता येते, ना नुसती पाहवते.

मला ती कायदेशीर करायची आहे. इंजिन आहे तसे ठेवून आर.सी.त बदल करून घेता येईल का?

---

रामबागेतला | 14 जानेवारी, रात्री 10:15

आधी गाडी नावावर करून घ्या. मालक वारले असतील तर फॉर्म 31 लागतो. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय. आई, भावंडे जे कुणी वारस असतील त्यांची संमती शपथपत्रावर घ्या. हे झाल्याशिवाय पुढचा कुठलाही अर्ज तुमच्या सहीने चालणार नाही.

---

महूचा_मुलगा | 14 जानेवारी, रात्री 11:02

दादा, एवढा विचार कशाला करताय. आमच्याकडे अशा वीस जीप फिरतात. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला तर अख्खा बाजार आहे जीप बांधून देणारा. एखाद्या मेलेल्या डिझेल जीपची आर.सी. विकत घ्या, चेसिस नंबर तो मारून घ्या, विषय संपला.

---

निवृत्त_निरीक्षक | 15 जानेवारी, सकाळी 7:20

वरचा सल्ला कृपा करून कुणीही घेऊ नये. मी मोटार वाहन निरीक्षक होतो, उज्जैन आणि इंदूर दोन्हीकडे. चेसिस नंबर घासून दुसरा मारणे ही बनावटगिरी आहे, चोरीच्या गाड्यांचे हेच करतात. उद्या त्या जीपने अपघात झाला तर तुमच्या हातात स्वतःच्या वडिलांच्या गाडीचाही पुरावा उरणार नाही. पन्नास वर्षे जपलेला नंबर तुम्ही स्वतःच्या हाताने पुसाल. हे वाचून मला राहवले नाही म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलो.

आता मूळ प्रश्न. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 पाहा. आधी ते सैल होते. कार्यालयाला आगाऊ कळवायचे, मंजुरी घ्यायची आणि बदल आर.सी.त चढवायचा. त्या काळात पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवून रीतसर नोंद करून दिल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. 2000 सालच्या दुरुस्तीने हे कलमच बदलले आणि ती 11 ऑगस्ट 2000 पासून लागू झाली. तेव्हापासून निर्मात्याने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे, तेही परवानगीने. इंधन बदलायचे तर मान्यताप्राप्त किट लावून. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले.

तुमचे इंजिन महिंद्राचेच, म्हणजे बनावट तीच. पण प्रकार निराळा, आणि दोन्ही जुळावे लागतात. 2003 म्हणजे तीन वर्षे उशीर झाला. हे इंजिन आज आर.सी.त चढणार नाही. कुणी पैसे घेऊन चढवून देतो म्हणाला तर ती नोंद उद्या तपासणीत गळून पडेल.

हार्ड टॉप कधीचा? आर.सी. बुकाच्या मागच्या पानांवर काही लिहिले आहे का ते पाहून सांगा.

---

लोकमान्यनगरकर | 15 जानेवारी, रात्री 8:55

काका, तुमचे उत्तर तीनदा वाचले. महूच्या मित्राने आपुलकीनेच सांगितले असेल, पण बाबांच्या गाडीचा नंबर मी घासणार नाही.

आर.सी. बुक काढले. मागच्या पानावर शाईने नोंद आहे: 1991, हार्ड टॉप, वाढलेले वजन, सही, शिक्का. इंजिनाबद्दल काही नाही. त्याच पानात आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली, टायरच्या हवेचे आकडे लिहिलेली. मी बराच वेळ तीच हातात धरून बसलो होतो.

---

निवृत्त_निरीक्षक | 15 जानेवारी, रात्री 9:30

मग हार्ड टॉपची काळजी सोडा, तो त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मंजूर आहे. ते बुक लॅमिनेट करू नका, झेरॉक्सच्या चार प्रती काढा आणि मूळ प्रत तपासणीशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

---

पिथमपूरकर | 16 जानेवारी, दुपारी 1:10

मी पिथमपूरला वाहन उद्योगात आहे. दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला विचारते, की नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र एवढे जवळ आहे तर तिथे आमची एक गाडी तपासून प्रमाणपत्र का मिळत नाही. नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक जून 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हे फार वाढले आहे. तिथे किंवा पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत जी मान्यता मिळते ती निर्मात्याच्या नमुन्याला किंवा किट बनवणाऱ्याला मिळते. नमुना पास झाला की त्याच्या पुढच्या सगळ्या प्रती पास. घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी ती वाट नाही. ब्रेक, उत्सर्जन, दिवे, आवाज, प्रत्येकाची वेगळी चाचणी आणि वेगळा खर्च. त्यात जीपसारख्या दोन गाड्या येतील.

---

शलाका_बडोदा | 16 जानेवारी, संध्याकाळी 6:45

मी बडोद्याची. बाबांच्या जुन्या गाडीला विजेचे किट बसवायचे म्हणून मी वर्षभर माहिती गोळा केली. 2000 च्या दुरुस्तीपासूनच कलम 52 मध्ये बॅटरी, सीएनजी, एलपीजी, सौर ऊर्जा अशी नावे स्पष्ट आली आहेत, म्हणजे इंजिन काढून मोटर बसवणे कायद्यात बसते. अट अशी, की किट त्याच मॉडेलसाठी मान्य झालेले हवे आणि किटवाल्याच्या अधिकृत केंद्रानेच बसवलेले हवे. मग आर.सी.त इंधन बदलते आणि हिरवी पाटी मिळते. माझ्या मॉडेलसाठी मान्य किट निघाले नाही, म्हणून मी थांबले. सीजे 3बीसाठी मान्य किट असल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. पण ते तुम्हाला रुचेल असेही वाटत नाही, जीपचा आवाज गेला तर तिच्यात काय उरले.

---

जोंगावाला_ग्वाल्हेर | 17 जानेवारी, रात्री 10:20

माझे जन्मगाव जबलपूर, आता मुक्काम ग्वाल्हेर. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली जोंगा आहे. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निसानच्या परवान्याने 1999 पर्यंत ही गाडी बनत होती. सहा सिलिंडरचे 3956 सीसी पेट्रोल इंजिन. लिटरला पाच किलोमीटर मिळाले तर त्या दिवशी मी घरी गोड घेऊन जातो.

घेतली तेव्हा प्रत्येक मिस्त्रीने एकच सांगितले, की डिझेल टाका. मी नाही टाकले. लष्कराची गाडी नोंदवताना लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेले फॉर्म 21 मधले विक्री प्रमाणपत्र लागते. त्यात जो इंजिन नंबर असेल तो गाडीत दिसलाच पाहिजे. माझ्याबरोबर त्याच लिलावात दोघांनी जोंगा घेतल्या आणि नोंदणीआधीच इंजिने बदलली. त्या गाड्या आजही शेडमध्ये आहेत.

म्हणून एकच विचारतो. तुमचे मूळ इंजिन कुठे आहे? 2003 ला उतरवले, मग गेले कुठे?

---

लोकमान्यनगरकर | 17 जानेवारी, रात्री 11:50

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. कबाड्याला दिले असेल असेच मी धरून चाललो होतो. उद्या देपालपूरला मामांना फोन करतो, बाबांनी तेव्हा काम त्यांच्याच वाड्यात करून घेतले होते.

---

लोकमान्यनगरकर | 21 जानेवारी, रात्री 9:05

मंडळी, इंजिन सापडले.

मामांच्या वाड्यात गव्हाच्या कोठीमागे, तीन पोत्यांखाली, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवलेले. बाबांनी त्यावर ग्रीस थापून ताडपत्री बांधली होती. मामा म्हणाले, "दाजी सांगून गेले होते, हे विकायचे नाही." वीस वर्षे त्यांनी विकले नाही. मी ब्लॉकवरची माती फडक्याने पुसली, मोबाइलचा दिवा धरला आणि आर.सी.वरचा नंबर एकेक अंक वाचत गेलो. सगळे अंक जुळले. मामा शेजारी उभे होते, दोघांपैकी कुणालाच बोलता येईना.

हेडला तडा आहे. कार्बोरेटर नाही. गिअरबॉक्सही तिथेच आहे, पण गंजून जाम झालाय.

---

निवृत्त_निरीक्षक | 22 जानेवारी, सकाळी 6:50

डोळ्यांत पाणी आले हो.

आता ऐका. मूळ इंजिन परत बसले तर आर.सी. आणि गाडी पुन्हा एक झाली. बदलाची परवानगी मागायचीच नाही, कारण बदल उरलेलाच नाही. तुम्हाला फक्त वारसाने हस्तांतर आणि नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे फॉर्म 25, एवढेच करायचे आहे. 1 एप्रिल 2022 ला चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये झाले आणि उशिराचे दर महिन्याला 500 रुपये वर. तुमचा उशीर मोठा आहे, रक्कम बोचेल. तरी भरा. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते.

चेसिसबद्दल मात्र स्पष्ट विचारतो. डिझेलचे माउंटिंग वेल्ड करताना चौकट कापली होती का? नुसती पट्टी जोडली असेल तर ती काढून घासता येते. चौकट कापून लांबी बदलली असेल तर गोष्ट वेगळी.

---

लोकमान्यनगरकर | 22 जानेवारी, रात्री 9:15

कापलेली नाही काका. आज गाडीखाली झोपून पाहिले, वरून पट्ट्या जोडल्या आहेत. चेसिस नंबरची पेन्सिल छापही घेतली, सगळे अंक स्वच्छ उमटले.

---

रामबागेतला | 23 जानेवारी, सकाळी 8:30

हरिकेन इंजिन आहे ना? इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. हल्लीच्या मिस्त्रींनी ती पाहिलेलीच नसते. टॅपेट जुळवताना दोन्हींची फट वेगळी असते हे आधीच सांगून ठेवा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. हेड नवे शोधत बसू नका, तडा दोन व्हॉल्व्हच्या मधोमध नसेल तर ओतीव लोखंडाचे काम करणारा जुना वेल्डर तो गरम करून भरून देतो. कार्बोरेटरचे मात्र तुम्हाला हिंडावे लागणार.

---

महूचा_मुलगा | 23 जानेवारी, रात्री 10:40

काकांचे वाचून लाज वाटली, माफ करा. मला खरेच वाटायचे की सगळे असेच करतात. माझ्या ओळखीत महूला एकाकडे मोडलेल्या सीजे 3बीचे सुटे भाग आहेत. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर मी आणून देतो, पैसे त्याला द्या.

---

सुनेत्रा_इं | 4 फेब्रुवारी 2024, दुपारी 3:30

धागा शांतपणे वाचत होते. माझा प्रश्न निराळा आहे, पण इथेच विचारते. अपघातात यजमानांचा उजवा पाय गेला. त्यांना पुन्हा गाडी चालवायची होती, म्हणून आमच्या ऑटोमॅटिक गाडीला एका गॅरेजवाल्याने हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायचा दांडा बसवून दिला. ते छान चालवतात, आता त्यांचे त्यांना बाजारात जाता येते. पण आर.सी.त काहीच नोंद नाही. हेही बेकायदाच का? घरी हा विषय काढायची मला भीती वाटते, त्यांचे बाहेर पडणे पुन्हा बंद होईल.

---

निवृत्त_निरीक्षक | 4 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:10

ताई, घाबरू नका. तुमच्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदल केलेल्या गाडीला कायद्यात 'अनुकूलित वाहन' म्हणून वेगळे स्थान आहे. पण परवानगी आणि नोंद हवीच. त्याशिवाय तो दांडा हा विनापरवानगी बदल ठरतो, आणि कलम 182 अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याचे भांडण त्याहून वाईट.

दोन गोष्टी करा. गॅरेजवाल्याचा दांडा बदलून मान्यताप्राप्त किट बसवा आणि त्याचे कागद जपून ठेवा. गाडीसोबत त्यांचा परवानाही अनुकूलित वाहनासाठी करून घ्यावा लागेल. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे ना?

---

सुनेत्रा_इं | 4 फेब्रुवारी, रात्री 8:00

प्रमाणपत्र आहे. किटची चौकशी आजपासूनच सुरू करते. काका, तुमचे उपकार.

---

लोकमान्यनगरकर | 2 जून 2024, रात्री 10:30

खूप दिवसांनी लिहितो आहे. काम झाले, पण सरळ नाही झाले.

बोअर वाढवून मोठे पिस्टन टाकले, व्हॉल्व्ह घासले. हेड वेल्ड करून आणले, तर पहिल्या वेळी पाणी गळाले. दुसऱ्या वेल्डरने ते दोन दिवस भट्टीच्या उबेत ठेवून भरले, तेव्हा कुठे टिकले. कार्बोरेटर महूहून आला. गिअरबॉक्सचे दोन गिअर पालटावे लागले. पॉवर स्टिअरिंगही उतरवले, कारण त्याचा पंप डिझेल इंजिनावरच होता. आता वळवताना खांदे भरून येतात, अगदी लहानपणी बाबांचे हात दिसायचे तसे माझे दिसतात.

9 मेला इंजिन पहिल्यांदा पेटले. आईने आतून ओळखले. म्हणाली, "हा तिचा जुना आवाज."

हस्तांतर एका फेरीत झाले. नूतनीकरणाला तीन फेऱ्या. पहिल्या वेळी एक दिवा बंद म्हणून परत, तेही बरोबरच होते. दुसऱ्या वेळी समोरच्या माणसाने गाडी न पाहताच 'एवढी जुनी होत नाही' म्हणून सांगितले. मी नूतनीकरणाच्या कलमाची प्रत पुढे ठेवली आणि शांतपणे उभा राहिलो. तिसऱ्या वेळी एक तरुण निरीक्षक बाई आल्या, बोनेट उघडून खाली वाकल्या, चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर स्वतः वाचले, पेन्सिल छाप ताडून पाहिली, ब्रेक मारून पाहिले. मग 1991 ची शाईची नोंद वाचून म्हणाल्या, असे कागद हल्ली दिसत नाहीत. पीयूसी पेट्रोलवर निघाले, कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या आत. काल आर.सी. मिळाली.

---

जोंगावाला_ग्वाल्हेर | 2 जून, रात्री 11:15

अभिनंदन! या वर्षी गाडीला पन्नास वर्षे होत आहेत. व्हिंटेज नोंदणी का नाही घेतली? 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्ही.ए. मालिकेचा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी.

---

लोकमान्यनगरकर | 3 जून, सकाळी 7:45

विचार केला होता. पण 20,000 रुपये भरून ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आम्हाला तिच्यातून जानापावला जायचे आहे, पाताळपाणीला जायचे आहे, आणि मामांच्या शेतात पहिल्या पावसानंतर उतरायचे आहे. शिवाय 1991 चा हार्ड टॉप 'मूळ स्वरूपात' धरतील का, हा वाद मला ओढवून घ्यायचा नव्हता. साधी नोंदणी बरी. जुना नंबरही तसाच राहिला.

---

महूचा_मुलगा | 3 जून, दुपारी 12:20

डिझेल इंजिनाचे काय केले? विकणार असाल तर माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, जीपमध्येच टाकणार म्हणतो.

---

लोकमान्यनगरकर | 3 जून, रात्री 9:10

जीपसाठी देणार नाही, राग मानू नकोस. मामांनी ते मागितले, विहिरीच्या पंपाला लावणार आहेत. बाबांनी ते हाताने जुळवले होते, घरातच राहू दे.

सुनेत्राताई, तुमचे पुढे काय झाले? किट मिळाले का?

---

सुनेत्रा_इं | 3 जून, रात्री 9:50

मिळाले, बसवूनही झाले. परवाना आणि आर.सी. दोन्हींचे अर्ज भरून ठेवलेत. यजमानांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, उलट तुमचा धागा त्यांनी पहिल्यापासून वाचून काढला. पण कार्यालयात गाडी दाखवायला न्यायची त्यांना धाकधूक आहे, लोक पाहतात म्हणून.

---

लोकमान्यनगरकर | 3 जून, रात्री 10:05

मी येतो. सोमवारी सकाळी साडेदहाला नायता मुंडलाच्या आरटीओच्या फाटकाशी जीप उभी असेल, लगेच ओळखाल. किटचे बिल, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, विमा आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. चेसिसची पेन्सिल छाप घ्यायची राहिली असेल तर माझ्याकडे कागद आहे, तिथेच घेऊ.